मासळीची पट्टी आधी लिलावात आणा, मग बाजारात

प्रति,
मासळी खराब झाल्याचं सांगणारे फ्लुरोसंट (जांभळ्या दिव्याखाली चमकणारे) सेन्सर तयार करणारे संशोधक, प्राध्यापक आणि पीएचडीचे विद्यार्थी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमचे शोधनिबंध हाती लागतील तसे मी वाचत असते. रत्नागिरीत मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्याची प्रयोगशाळा मी सांभाळते. जे कळायला मला अर्धी सकाळ काचेच्या भांड्यांशी झटावं लागतं, ते तुमची बोटभर पट्टी पाच-दहा मिनिटांत सांगते म्हणतात, त्यामुळे हे वाचण्यात माझा स्वार्थच आहे. निबंधातला फोटो आता ओळखीचा झालाय. जांभळ्या दिव्याखाली फिल्टर पेपरचा चौकोन, पहिल्या दिवशी काळसर, तिसऱ्या दिवशी हिरवागार चमकणारा. शेजारी झाकणबंद डबीत माशाचा तुकडा. मासा बहुतेक वेळा सामन, कॉड नाहीतर सोललेली कोळंबी. तापमान ४ अंश, किंवा वातानुकूलित खोलीतलं २५. आणि शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य ठरलेलं: ही पट्टी बाजारात प्रत्यक्ष वापरता येईल.

हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे. कुठला बाजार, किती वाजताचा, आणि पट्टी कोणाच्या हातात, हे तिथे कोणी लिहीत नाही.

आधी तुमच्या कामाला मनापासून दाद देते, नाहीतर पुढचं सगळं कुरकुरीसारखं वाटेल. समुद्रातल्या माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असतं, त्याला स्वतःला वास नसतो. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि आपण ज्याला 'म्हावऱ्याचा वास' म्हणतो तो सुटतो. मग अमोनिया येतो, प्रथिनं कुजू लागली की प्युट्रेसिन आणि कॅडावेरिन येतात. या नायट्रोजनवाल्या रसायनांना अमाइनं म्हणतात. यातली वाफ होऊन उडणारी अमाइनं एकत्र मोजली की आकडा मिळतो टीव्हीबीएनचा. तो काढायला मी मांस वाटते, अर्क काढते, वाफेवर उर्ध्वपातन करते, येणारं पाणी बोरिक आम्लात धरते आणि ब्युरेटमधून थेंब थेंब आम्ल सोडत रंग बदलायची वाट बघते. एका नमुन्याचं झालं की भांडी धुवायची आणि दुसरा नमुना लावायचा. तेवढ्यात बाहेर ट्रक रिकामा झालेला असतो.

तुमची पट्टी तीच अमाइनं हवेतून पकडते. अमाइन रंगाच्या रेणूला चिकटलं की रेणू उजळतो किंवा विझतो. यातली खरी अडचण अशी होती की नेहमीचे फ्लुरोसंट रंग द्रावणात झकास चमकतात, पण कागदावर दाटीवाटीने बसले की एकमेकांचा उजेड गिळतात. २००१ मध्ये हाँगकाँगमध्ये बेन झोंग टँग यांच्या गटाने याच्या बरोबर उलट वागणारे रेणू जगापुढे आणले. सुटे असताना मंद आणि गर्दीत तेजस्वी. पुढे टेट्राफेनिलइथिलीनच्या घराण्यातले कितीतरी रेणू कागदावर चढले आणि मासळीच्या पट्टीला खरा आधार मिळाला. हे वाचलं तेव्हा मी कामावरच्या मुलींना बोलावून वाचून दाखवलं होतं.

पण फ्लुरोसन्स आमच्याकडे काही आत्ता आलेला नाही. हिस्टामिन हे माशात तयार होणारं एक विष. ते मोजायची एओएसी या तपासणीच्या पद्धती ठरवणाऱ्या संस्थेची अधिकृत पद्धत १९७७ ची आहे, तिचा क्रमांकच ९७७.१३, आणि ती चालते चमकेवरच. माशाचं मांस मिथेनॉलमध्ये घोळवायचं, ६० अंशांच्या पाण्यात ठेवायचं, गाळायचं, मग रेझिनच्या बारीक स्तंभातून थेंब थेंब उतरवायचं म्हणजे बाकीची लुडबुड मागे राहते. उतरलेल्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड घालायचं, ऑर्थोथॅलाल्डिहाइड घालायचं आणि घड्याळाकडे डोळे लावून बरोबर ४ मिनिटांनी फॉस्फरिक आम्ल. मिनिट इकडेतिकडे झालं की आकडा हलतो. या ४ मिनिटांत आमच्या खोलीत कोणी कोणाशी बोलत नाही. नंतर यंत्रात ३५० नॅनोमीटरचा उजेड मारायचा आणि ४४४ वर किती परत येतो ते वाचायचं. साध्या यूव्ही टॉर्चखालीही ती नळी निळसर उजळते. नव्या मुलीला पहिल्यांदा दाखवलं की ती हमखास दोनदा बघते.

हिस्टामिनवर मी इतकी अडून बसते, कारण खरा धोका तिथे आहे आणि तुमच्या बहुतेक पट्ट्या नेमक्या तिथेच आंधळ्या आहेत.

बांगडा, सुरमई, कुपा, तारली यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उन्हात किंवा बर्फाशिवाय पडला की मॉर्गानेलासारखे जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. आपल्याकडच्या तीस अंशांच्या हवेत यासाठी दिवस लागत नाहीत, काही तास पुरतात. एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून जात नाही, उकडून जात नाही, गोठवूनही जात नाही. खारवलेल्या-सुकवलेल्या बांगड्यातही ते तसंच राहतं. आणि त्याला वास नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. घरात म्हणतात, पित्त उठलं, मासा बाधला. डॉक्टरही पुष्कळदा ॲलर्जी समजून गोळी देतात, आणि गोळी हिस्टामिनविरोधीच असल्याने ती लागूही पडते. प्रकरण तिथेच मिटतं. मासा कुठल्या बोटीचा, कुठल्या ट्रकचा, हे कोणी विचारत नाही.

आता तुमच्या निबंधांत काय असतं? प्रस्तावनेत 'बायोजेनिक अमाइन्स' म्हणून हिस्टामिन, कॅडावेरिन, प्युट्रेसिन यांची नावं एका दमात येतात, हिस्टामिनच्या विषबाधेचा उल्लेख येतो, आणि पुढे पट्टी टांगलेली असते माशाच्या वर, हवेत. हिस्टामिन हवेत उडतच नाही म्हटलं तरी चालेल, इतकं कमी उडतं. ते मांसातच बसून राहतं. वाफ हुंगणारी पट्टी बांगड्याला पास करील आणि खाणारा दवाखान्यात जाईल. प्रस्तावनेत एका विषाची भीती घालायची आणि प्रयोगात दुसराच वास मोजायचा, हे बरोबर नाही. मांसाचा थेंब टेकवून हिस्टामिन सांगणारी पट्टी झाली तर ती खरी कामाची. कठीण आहे, रेझिनचा स्तंभ आम्ही उगाच लावत नाही. पण तुमच्याकडे एकाच कामाला पैसा आणि माणसं असतील तर ती यात घाला, असं मी म्हणेन. ताजं-शिळं कोळणीचं नाक तुमच्या पट्टीच्या आधी सांगतं. हिस्टामिनपुढे मात्र तिचं नाकही हात टेकतं.

नाकाचं निघालंच आहे तर एक सांगते. उडणारी अमाइनं उशिरा येतात. बर्फातल्या माशाच्या पहिल्या काही दिवसांत जे बदलतं ते जिवाणूंमुळे नाही, माशाच्या स्वतःच्या एन्झाइमांमुळे. पेशीला ऊर्जा देणारं एटीपी मोडत मोडत इनोसिन आणि हायपोझॅन्थिनपर्यंत जातं, चव उतरते, कल्ल्यांचा लाल रंग विटकरी होतो, डोळा आत बसतो. जपानी लोक यासाठी के-व्हॅल्यू, म्हणजे ही मोडतोड किती टक्के झाली त्याचा आकडा, काढतात आणि कच्चा खायचा मासा ती साधारण २० टक्क्यांच्या आत असतानाच घेतात. तेव्हा अमाइनची पट्टी 'ताजा' म्हणते म्हणजे 'अजून कुजलेला नाही' एवढंच म्हणते. निबंधाच्या नावात ताजेपणा आणि पोटात कुजणं, असं करू नका.

यानंतर येते आमची मासळी. युरोपच्या नियमात टीव्हीबीएनच्या मर्यादा आहेत १०० ग्रॅममागे २५, ३० आणि ३५ मिलिग्रॅम, आणि त्या रेडफिश, फ्लाउंडरसारखे चपटे मासे, अटलांटिक सामन, कॉड अशा ठरावीक माशांसाठी आहेत. तुमच्या पट्टीचा हिरवा आणि पिवळा बहुतेक वेळा याच आकड्यांवर बेतलेला असतो. आता ती मुशीवर लावून बघा. मुशी, पाकट यांच्या रक्तामांसात युरिया असतो, समुद्राच्या खारेपणात टिकण्यासाठी निसर्गाने दिलेला. मासा मेला की जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि खाण्याजोगी मुशीसुद्धा नाकात झोंबते. म्हणून तर आपल्याकडे मुशी आधी उकडून, पाणी टाकून, कातडं खरवडून मग मसाल्यात घालतात. तुमची पट्टी तिला कुजलेली ठरवील. उलट रोहू-कटल्यासारख्या गोड्या पाण्यातल्या माशांत ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावापुरतंच असतं. तिथे केवळ ट्रायमिथाइलअमाइन शोधणारी पट्टी शेवटपर्यंत गप्प बसेल.

आणि बोंबील! त्याचं सगळंच वेगळं. अंगात जवळजवळ पाणीच, हातात धरला तर घसरतो. त्याच्या मांसातलं एन्झाइम ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइडचे दोन तुकडे करतं, डायमिथाइलअमाइन आणि फॉर्मल्डिहाइड. म्हणजे कोणीही काहीही न फवारता बोंबलात फॉर्मल्डिहाइड असतंच, आणि साठवणीत वाढतं. हे ठाऊक नसलेल्या माणसाने फॉर्मलिन (फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण) शोधायचा किट घेऊन बोंबीलवालीसमोर उभं राहणं म्हणजे तिच्या धंद्यावर निखारा ठेवणं आहे.

हे मी हवेत बोलत नाही. २०१८ च्या जून-जुलैमध्ये काय झालं ते आठवा. केरळात अन्नसुरक्षा खात्याच्या 'ऑपरेशन सागर राणी' या मोहिमेत फॉर्मलिन लावलेली मासळी पकडली गेली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने फॉर्मल्डिहाइड आणि अमोनिया ओळखणाऱ्या कागदी पट्ट्या तयार केल्या होत्या, त्या तिथे कामी आल्या. ही संस्था आपली, पट्ट्या आपल्या, आणि त्या झटपट चालतात, याचा मला अभिमान आहे. मग जुलैमध्ये मडगावच्या घाऊक बाजारात छापा पडला. जागेवरच्या चाचणीत फॉर्मलिन सापडल्याचं लोकांच्या कानावर आलं, आणि थोड्याच वेळात सरकारी खुलासा आला की प्रमाण मर्यादेच्या आत आहे. दोन्हींतलं खरं काय, यावर गोव्यात महिनोन्‌महिने वाद झाला, बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद ठेवावी लागली, आणि लोकांनी मासे खाणं सोडलं. यात कोण बरोबर होतं ते मी इथे ठरवत नाही. मला दिसतं ते एवढंच की जागेवरची पट्टी 'आहे की नाही' सांगते आणि प्रयोगशाळा 'किती' सांगते, आणि या दोन उत्तरांमध्ये काय करायचं हे आधी ठरलेलं नसलं की भांडण रस्त्यावर येतं. तुमची पट्टी बाजारात येईल तेव्हा हेच होणार. पट्टी हिरवी झाली तर पुढे काय, माल जप्त, की नमुना प्रयोगशाळेत, की फक्त बर्फ वाढवायचा? हे ठरवणं तुमचं काम नाही असं म्हणाल, पण पट्टीच्या पाकिटावर काय छापायचं हे तर तुमच्याच हातात आहे.

जून-जुलै या दोन महिन्यांचाही अर्थ आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी शाकारलेल्या, बंदरं ओस. पण खाणारे थोडेच थांबतात? पूर्व किनाऱ्याची बंदी १४ जूनला संपते, तिकडून ट्रक निघतात आणि हजार-बाराशे किलोमीटर तोडून इथे येतात. मासळीत लबाडी करायचा मोह याच ट्रकला सर्वात जास्त. आणि इथे तुमच्या पट्टीची आणखी एक गंमत. फॉर्मलिन जिवाणूंना मारतं आणि अमोनियासारख्या अमाइनांशी स्वतःच जोडलं जातं. म्हणजे फॉर्मलिन मारलेला मासा अमाइनच्या पट्टीवर अगदी ताजा, लाजाळू मुलीसारखा निमूट दिसण्याची शक्यता दाट. लबाडाला पास आणि प्रामाणिकपणे बर्फात आणलेल्या मुशीला नापास. दोन्ही गोष्टी शोधणारे दोन ठिपके एकाच पट्टीवर असल्याशिवाय ती पावसाळ्यात बाहेर काढू नये असं माझं मत आहे.

बाजाराचं म्हणाल, तर तुमची डबी झाकणबंद असते. आमची पाटी उघडी असते. वारा वाहतो, वास उडून जातो, बर्फाचं पाणी अमाइनं धुऊन नेतं. हवेत दमटपणा इतका की कागद तासाभरात ओलसर. शेजारी गटार, त्याचाही अमोनिया. बंदरावरचे बर्फाचे कारखाने अमोनियावरच चालतात, आणि एखादा वॉल्व्ह जरा सैल असला की आमच्या डोळ्यांना कळतं. पट्टीला कसं कळणार की हा वास बांगड्याचा नाही? आणि सर्वात साधी गोष्ट: सकाळी अकराच्या उन्हात यूव्ही टॉर्चची चमक दिसत नाही. फोटोतला तो हिरवा चौकोन अंधाऱ्या खोलीतला असतो. मासळी बाजारात तो बघायचा तर डोक्यावरून चादर घ्यावी लागेल. मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचू म्हणाल, तर माशाचं कातडं, काटे, कधीकधी पृष्ठभागावरचे स्यूडोमोनस जिवाणू हे सगळं यूव्हीखाली आपापलं चमकतं. कोळंबी तर काही वेळा दिवा न लावताच अंधारात निळसर उजळते, समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंमुळे. गावात त्याला भुताटकी म्हणून कोळंबी फेकून दिल्याच्या गोष्टी आहेत.

तर मग ही पट्टी आमच्या कामाची नाही का? आहे. फक्त जागा आणि वेळ बदला.

ससून डॉकवर पहाटे जा. १८७५ चा धक्का, अजून उजाडलेलं नाही, ट्रक लागलेत, बोटी लागल्यात, लिलाव सुरू. किरकोळ विकणारी कोळीण इथे ग्राहक असते. तिच्यासमोर खोकी येतात, वर एक थर कडक, डोळे पाणीदार. खालचा थर उपसून बघायला कोण देतो? बोली बसली की माल तिचा. घरी नाहीतर बाजारात जाऊन खोकं उपडं केलं की कळतं, तळाशी तीन दिवसांपूर्वीचा माल आहे. पैसे गेलेले असतात, पुष्कळदा उसने घेतलेले. दुपारी गिऱ्हाईक तिलाच चार शब्द सुनावतं. तपासनीस आला तर पाटी तिचीच उलटी होते. बोट, दलाल, ट्रक, शीतगृह हे सगळे मागे राहून जातात.

इथे, पहाटेच्या अंधारात, तुमची चमक स्पष्ट दिसेल. नोटा तपासायचा स्वस्त जांभळा टॉर्च पुरे. खोक्याच्या तळाशी, बर्फ आणि माशाच्या मध्ये तुलनेने कोंडलेली हवा असते, तुमच्या झाकणबंद डबीच्या सर्वात जवळ जाणारी जागा हीच. लांब काडीच्या टोकाला पट्टी लावा, खोक्याच्या बाजूने तळापर्यंत सरकवा, पट्टीला लागतील तेवढी मिनिटं ठेवा, बाहेर काढा, टॉर्च मारा. आणि ही काडी तपासनिसाच्या हातात देण्याआधी कोळणीच्या हातात द्या. तिला भाव पाडता आला पाहिजे, खोकं नाकारता आलं पाहिजे. ज्या दिवशी दलालाला कळेल की खालचा थरही दिसतो, त्या दिवशी खालचा थर आपोआप सुधारेल. पट्टी जप्तीसाठी वापरली तर लोक ती लपवायला शिकतील. घासाघिशीत वापरली तर विकत घेतील.

काडी भिजलेल्या हाताने, हातमोजा घालून धरता आली पाहिजे. पिवळा-हिरवा-निळसर अशा सात छटा नकोत. चमकलं म्हणजे नको, नाही चमकलं म्हणजे घे, एवढंच. आणि एका खोक्याच्या एका काडीवर सगळा ट्रक तोलू नये, विशेषतः हिस्टामिनच्या बाबतीत. युरोपीय नियम एका मालातून ९ नमुने घ्यायला सांगतो. त्यातले दोन किलोमागे १०० ते २०० मिलिग्रॅमच्या मध्ये चालतात, एकही २०० च्या वर चालत नाही. ९ का? कारण एकाच खोक्यातल्या दोन बांगड्यांत जमीन-अस्मानाचा फरक सापडतो. निर्यातीच्या मालाला आपण हे सगळं करतो. २०२३-२४ मध्ये देशातून १७ लाख टनांवर, ६० हजार कोटी रुपयांहून जास्त किमतीची सागरी उत्पादनं बाहेर गेली. त्यांच्यासाठी यंत्रं आहेत, माणसं आहेत, माझी नोकरी त्यावरच चालते. इथे आपल्या ताटात येणाऱ्या बांगड्याला मात्र ९ नमुने कोणी लावत नाही. पट्टीने ही दरी थोडी जरी बुजली तरी मी ती डोक्यावर घेईन.

एक विनंती साहित्याबद्दल. कॅडमियमचे क्वांटम डॉट किंवा शिशाचे पेरोव्स्काइट हे अतिसूक्ष्म कण सुंदर चमकतात हे मान्य, पण अन्नाजवळ नकोत. ओल्या माशाला टेकलेल्या काडीतून काय सुटतं हे तपासल्याशिवाय तर नकोतच. त्यापेक्षा हळदीकडे वळा. कर्क्युमिन यूव्हीखाली हिरवट-पिवळं चमकतं आणि अल्क मिळालं की लालसर होतं. हळदीचं चुन्याने कुंकू होतं हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे, कोळंबीवर कर्क्युमिनच्या फिल्म लावून अमाइन शोधण्याचं काम जगात झालेलंही आहे. तिची संवेदनशीलता तुमच्या टेट्राफेनिलइथिलीनपेक्षा कमी असेल, उन्हात ती फिकीही पडते. पण पट्टी बोटाला लागली, पाण्यात पडली, भाजीत गेली तरी कोणाला काही होणार नाही. बंदरावर जे वापरायचं त्याला ही अट पहिली हवी.

पट्टीने मासा गार होत नाही, हेही कुठेतरी लिहीत जा. छोट्या बंदरांवर हंगामात बर्फ कमी पडतो, बोटीचे कप्पे जुने, खोकी फुटकी. पट्टीच्या नावाने जाहिराती होतील, उद्घाटनं होतील, आणि बर्फाच्या लादीचा प्रश्न तिथेच राहील, ही धास्ती मला आहे.

शेवटी कामाचं. नारळी पौर्णिमेनंतर बोटी बाहेर पडतात, सप्टेंबरपासून बांगडा चांगला येऊ लागतो. तेव्हा या. तुमच्या पट्ट्या आणि आमचं उर्ध्वपातन शेजारी शेजारी लावू. बांगडा, बोंबील, मुशी, माकूल, तारली, जोडीला गोड्या पाण्यातला रोहू. बर्फात ठेवलेला एक, बर्फाशिवाय उन्हात ठेवलेला एक, आणि एक मुद्दाम फॉर्मलिन लावलेला. प्रत्येकाचं टीव्हीबीएन आणि हिस्टामिन मी काढून देते, पट्टीचं तुम्ही वाचा, आणि जोडीला अनुभवी कोळणींना वास घेऊन, कल्ले उचलून आपलं मत सांगायला बसवू. तिघांचे निकाल एका तक्त्यात छापा. पट्टी कुठे चुकली तेही छापा, ते रकाने सहसा निबंधात दिसत नाहीत आणि आम्हाला तेच हवे असतात. कोळणींना त्यांच्या वेळेचे पैसे द्या, आणि निबंधात आभारात नव्हे, पद्धतीच्या भागात त्यांचा उल्लेख करा.

येताना पट्ट्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, सिलिका जेल घालून आणा. आमच्या प्रयोगशाळेची मागची खिडकी बर्फाच्या कारखान्याच्या अंगणात उघडते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
रत्नागिरीच्या एका मासळी कारखान्यातली प्रयोगशाळेची बाई